सूज उतरली, आता पुढे

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

'घोट्याची सूज गेली, चालताना दुखत नाही, शनिवारी खेळू ना?' हा तुझा मेसेज मिळाला. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो आई, हो आई' करतेस आणि पुढचं कानाआड टाकतेस. म्हणून लिहून पाठवतेय. उत्तर आधीच सांगते: शनिवारी नाही. फिजिओथेरपिस्टची मुलगी असल्याचा एवढा तोटा सोसावा लागेल.

रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, घेऊन खाली येताना समोरचीच्या बुटावर पाय पडला, तळवा आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ताणलं गेलं. बास्केटबॉलमध्ये याहून नेहमीची दुखापत नाही, आणि तिथेच गोम आहे. नेहमीची म्हणून कुणी मनावर घेत नाही. मग तोच घोटा पुन्हा मुरगळतो, आणि पुन्हा. आधी एकदा मुरगळलेला असणं हेच पुढच्या वेळी मुरगळण्याचं एक मोठं कारण असतं.

पहिल्या दिवशी तुमच्या सरांनी तुला चार पावलं चालून दाखवायला सांगितलं, ते मला फार आवडलं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेल्या नियमांत तेच आहे. दुखापत झाल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखलं, तरी काढायचा. पाऊल दुखत असेल, तर बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा लागतो तो आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड, याही जागा दाबून बघायच्या. तुझं यातलं काहीच दुखत नव्हतं, म्हणून एक्स-रेचा आग्रह धरला नाही. रूममेट चोळून द्यायला निघाली होती, तिला नाही म्हणालीस तेही ठीक केलंस. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि गरम शेक दोन्ही नको, सूज वाढते.

बर्फाबद्दल विचारलं होतंस. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे चार उपाय गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये एकत्र सांगितले आणि जगभर तोंडपाठ झाले. पुढे त्यांनी स्वतःच मत बदललं: बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं उलट लांबू शकतं. सूज म्हणजे शरीराने सुरू केलेली दुरुस्तीच असते, ती सगळी दाबून टाकायची नसते. माझं म्हणशील तर ठणका असह्य असेल तेव्हा कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं खुशाल लाव. दुखणं कमी होतं, झोप लागते. पण बर्फ लावला म्हणजे उपचार झाला, असं धरू नकोस.

आता मुद्द्याचं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. पहिल्या काही दिवसांत साफसफाई होते, मग काही आठवडे नवे तंतू घातले जातात, पण ते घाईत घातलेल्या धावदोऱ्यासारखे असतात: आडवेतिडवे आणि कच्चे. ताण कुठल्या दिशेने येतो त्याप्रमाणे ते हळूहळू सरळ होतात आणि पक्के होतात. याला महिने लागतात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं. तू आत्ता नेमकी त्या मधल्या टप्प्यात आहेस. म्हणून पाय उचलून पलंगावर बसणंही चूक आणि कोर्टवर धावत सुटणंही चूक. ताण द्यायचा, पण बेताने. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला किंवा जास्त आखडलेला दिसला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समज आणि कमी कर.

लिगामेंटबरोबर अजून एक गोष्ट बिघडलेली असते, ती म्हणजे पाऊल कुठे आणि कसं टेकलंय याची मेंदूला मिळणारी खबर. हे तुला स्वतःला बघता येईल. अनवाणी, आधी चांगल्या पायावर उभी राहा आणि डोळे मिट. मग दुखऱ्यावर. चांगला पाय जरासा हलेल आणि सावरेल. दुखऱ्या पावलावरचे स्नायूंचे कंडरे दोऱ्यांसारखे ताणलेले दिसतील, बोटं जमीन पकडायला बघतील, आणि दुसरा पाय तू पटकन टेकवशील. दुखत काही नसेल, तरी हे होईल. मॅचमध्ये समोरचीने धक्का दिल्यावर सावरायला जो क्षण मिळतो, तो याच खबरेवर चालतो. दात घासताना रोज एका पायावर उभी राहा, सुरुवातीला डोळे उघडे ठेवून.

दुसरी तपासणी भिंतीशी. भिंतीकडे तोंड करून पाऊल ठेव, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव, आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते पट्टीने मोज. दोन्ही पायांचं अंतर जवळजवळ सारखं हवं. तिसरी, एका पायाच्या चवड्यावर वरखाली होणं. दुखरी बाजू चांगलीच्या निदान नव्वद टक्के तरी भरली पाहिजे. मग सरळ धावणं, मग वळणं, मग उड्या, मग अंगाला अंग न लावता सराव, मग पूर्ण सराव, आणि शेवटी मॅच. एखाद्या पायरीवर दुखलं तर एक पायरी मागे. तारीख मी देणार नाही, तुझा पायच देईल.

परत खेळायला लागलीस की निदान काही महिने ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, घाल. त्याने घोटा कमजोर होतो अशी समजूत आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. गोळी घेऊन मॅच खेळणं मात्र अजिबात नाही. दुखण्याचा आवाज बंद केलास तर थांबायचं केव्हा, हे तुला कोण सांगणार?

वॉर्मअप म्हणजे कोर्टला दोन फेऱ्या, हे तुमच्या टीमचं चुकतंय. फिफाने फुटबॉलसाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा साधारण वीस मिनिटांचा कार्यक्रम बनवला आहे. त्यात धावणं, तोल, मांडी-पोटाची ताकद आणि उडी मारून नीट उतरणं असं सगळं येतं. नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती बऱ्याच कमी झाल्या आहेत. उडीनंतर उतरताना गुडघे आत वळू न देणं हे तुम्हा मुलींसाठी विशेष महत्त्वाचं, कारण गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. घोटा काही आठवड्यांची गोष्ट आहे. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर उतरू नये, असं सांगतात. सरांना सांग, नाहीतर मी सांगते.

आणि कुणाच्या डोक्याला मार लागून ती गोंधळल्यासारखी वाटली, तर त्या दिवशी तिला पुन्हा कोर्टवर जाऊ द्यायचं नाही. कितीही 'मी ठीक आहे' म्हणाली तरी.

रविवारी मला व्हिडिओ पाठव. अनवाणी, फोन गुडघ्याच्या उंचीवर ठेवून, आधी चांगला पाय, मग दुखरा. पावलं पूर्ण दिसली पाहिजेत, चेहरा नसला तरी चालेल.

तुझी,
आई