बाई, तुमच्या दोन प्रश्नांसाठी

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं मिळाली होती. मला जे म्हणायचं होतं ते तेवढ्यात बसलं नसतं, म्हणून गप्प राहिले. आज ते सविस्तर आणि जाहीरपणे लिहिते आहे. जगातल्या धर्मांचा अभ्यास करू पाहणाऱ्या इतरांनाही तुमची रीत कळावी, असं मनापासून वाटतं.

कोणता धर्म खरा, हा वाद तुम्ही वर्गात कधी रंगू दिला नाहीत. माणसं धर्माच्या नावाने रोज काय करतात आणि त्याने समाजात काय घडतं, ते आधी बघा, असं म्हणायचात. बाली बेटावरच्या भातशेतीचा तास मला आजही जसाच्या तसा आठवतो. तिथले शेतकरी पाटाच्या पाण्यासाठी 'सुबाक' नावाच्या संघांत एकत्र येतात, आणि पाणी कधी कुठे सोडायचं, लावणी कधी करायची याचं वेळापत्रक जलमंदिरांच्या विधींशी बांधलेलं असतं. आजूबाजूची खाचरं एकाच वेळी पिकतात, एकाच वेळी मोकळी राहतात. त्यामुळे किडीला खायला काही उरत नाही. १९७० च्या दशकात सुधारित वाण आले आणि वर्षभर सलग पीक घ्या, असा सरकारी आग्रह सुरू झाला. मंदिरांचं वेळापत्रक मोडलं, तशी कीड बेसुमार वाढली आणि पाण्याची ओढाताण सुरू झाली. देवीला वाहिलेल्या फुलांमागे पाणीवाटपाची केवढी व्यवस्था उभी होती, हे बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना दिसलंच नव्हतं. पूजाअर्चेला 'नुसतं कर्मकांड' म्हणून बाजूला सारायची माझी सवय त्या तासाला सुटली.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत, आणि माझं खरं ऋण इथून पुढचं आहे. धर्म समाजाला बांधून ठेवतो, एवढं बोलून पुष्कळ जण समाधान मानतात. बांधतो म्हणजे कुणाला कशाने बांधतो, हे तुम्ही विचारायला लावलंत. १८०७ साली लंडनमध्ये छापलेलं एक बायबल तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत. कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी ते मुद्दाम कापून तयार केलं होतं. बायबलमधला पुढारी मोशे आपल्या लोकांना मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून बाहेर काढतो तो भाग वगळलेला, आणि दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा उपदेश मात्र शाबूत. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्या बंदीसाठी झटणाऱ्यांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक आघाडीवर होते. त्यांनी १७८३ मध्येच पार्लमेंटकडे अर्ज केला होता, आणि तोही ख्रिस्ती श्रद्धेच्याच बळावर. पुढे १८४५ मध्ये अमेरिकेतले बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक गुलामगिरीच्या प्रश्नावरून दुभंगले आणि दक्षिणेतल्यांनी आपला वेगळा संघ काढला. ग्रंथ एकच, आणि त्याच्या आधाराने बेड्या ठोकणारेही उभे होते, बेड्या तोडणारेही. आणि वगळलेली ती मोशेची कथा अमेरिकेतल्या गुलामांनी आपल्या गाण्यांतून जपली. हे ऐकताना अख्खा वर्ग सुन्न झाला होता.

माझ्या प्रबंधाची पानं तुम्ही ज्या बारकाईने वाचलीत, त्याबद्दल आभार कसे मानू? समासात तुमचे दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा असायचे. 'हे वर्णन त्या धर्मातल्या माणसाला आपलं वाटेल का?' आणि 'याची किंमत ज्याने मोजली, त्याला विचारलंस का?' पहिलाच प्रश्न धरून बसलं तर अभ्यासक त्या धर्माचा भाट होतो. दुसराच धरला तर तो फिर्यादी होतो, आणि लाखो माणसांना त्या श्रद्धेतून मिळणारा धीर त्याला कधी दिसत नाही. दोन्ही प्रश्न एकाच पानावर उभे करणं फार अवघड आहे, बाई. अजूनही तेच सर्वांत अवघड जातं.

पहिल्या प्रश्नासाठी तुम्ही अल् बिरूनी या मध्य आशियातून आलेल्या मुस्लिम विद्वानाकडे बोट दाखवायचात. १०३० च्या सुमारास त्याने हिंदूंच्या धर्माविषयी आणि शास्त्रांविषयी जे लिहिलं, त्यासाठी तो संस्कृत शिकला, ग्रंथ वाचले, पंडितांना विचारलं. न पटणाऱ्या गोष्टीही त्याने त्यांच्याच शब्दांत मांडल्या. हजार वर्षांपूर्वी, लढायांच्या धामधुमीत, एका माणसाने एवढी सचोटी राखली याचं मला अपार अप्रूप वाटतं. दुसऱ्या प्रश्नासाठी तुम्ही कुणा मोठ्या नावाचा आधार घेतला नाहीत. तो बहुधा तुमचा स्वतःचाच असावा.

येत्या सत्रापासून मी हाच विषय शिकवणार आहे. पहिल्या तासाला बाली आणि लगेच पुढच्या तासाला ते कापलेलं बायबल, असा क्रम लावला आहे; मध्ये दुसरं काही घालायचं नाही, असं ठरवलं आहे. तुमचे दोन्ही प्रश्न अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर तुमच्या नावानिशी छापायची परवानगी हवी आहे. वाचनाची यादी सोबत पाठवते. नेहमीसारख्या समासात खुणा करून परत पाठवाल ना?

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी