जकुझीतून आलेले पुरळ आणि तुमच्या कार्यालयाचे उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जकुझीच्या पाण्यातून झालेला त्वचासंसर्ग व दिलेला चुकीचा सल्ला

महोदय,

तुमच्या रिसॉर्टच्या जकुझीत (गरम, बुडबुड्यांच्या पाण्याच्या टबमध्ये) बसलेल्या आमच्या गटातील बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासून खाजरे पुरळ उठले. तुमच्या कार्यालयाने ‘क्लोरीनची अ‍ॅलर्जी’ म्हणून विषय मिटवला. हे आम्हाला मान्य नाही.

क्लोरीनने त्वचा चुणचुणते ती पाण्याबाहेर येताच, आणि आंघोळीनंतर काही तासांत शमते. इथे प्रत्येक पुळी केसाच्या मुळाशी आहे, काहींच्या टोकाला पू आहे, आणि सगळ्यात दाट पुरळ कंबर व नितंबांवर, म्हणजे ओला पोशाख चिकटून राहतो तिथे. तळ्यातल्या परजीवींची खाज याउलट उघड्या अंगावर उठते. डॉक्टरांचे निदान स्यूडोमोनास जिवाणूचे आहे.

गरम पाण्यात, त्यातही बुडबुड्यांमुळे, क्लोरीन झपाट्याने घटतो. टबमध्ये मुक्त (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत ३ भाग, आणि पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) ७.० ते ७.८ हवा. तुमच्या वहीत फक्त सकाळची नोंद आहे. संध्याकाळी गर्दीच्या वेळची एकही नाही. ‘वास येतोय म्हणजे क्लोरीन आहे’ हे कर्मचाऱ्यांचे म्हणणे तर घातक आहे. तो उग्र वास घाम-लघवीशी संयोग होऊन ताकद गमावलेल्या क्लोरीनचा असतो.

त्याहून गंभीर म्हणजे स्वागतकक्षातून वाटलेली क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडची मिश्र ट्यूब. स्टेरॉइडने लाली तेवढी दबते, संसर्ग मात्र बळावू शकतो. निरोगी माणसाचे हे पुरळ बहुधा आपोआप जाते. साबणाने अंग धुवावे, थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, सैल सुती कपडे घालावेत. पुळ्या फोडू नयेत, तिथे रेझर वा वॅक्सिंग टाळावे. खाज झोपू देत नसेल तर डॉक्टरांना विचारून सेटिरिझिन ही अ‍ॅलर्जीवरची गोळी घ्यावी. ताप आला, दुखरी गाठ झाली किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टरकडे जावे. पाहुण्यांना हे सांगायला हवे होते.

टब रिकामा करून घासा, फिल्टर बदला, आणि पाइपांतला बुळबुळीत थर जाण्यासाठी जादा क्लोरीनचे पाणी फिरवा. नुसते पाणी बदलल्याने जिवाणू पुन्हा वाढतात. वापराच्या वेळेत डीपीडी चाचणी (पाण्याच्या रंगावरून क्लोरीन मोजणारी) करून आकडे टबशेजारी फळ्यावर लिहा. ट्यूब वाटणे आजच थांबवा. सोबतच्या पावत्यांप्रमाणे डॉक्टर व औषधांचा खर्च १५ दिवसांत परत करावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
तक्रारदार ग्राहक

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, पावत्या, नोंदवहीचे छायाचित्र