काकू, परत सांगा

प्रिय कॉफीवाल्या मुला,

दुकानात आभाराचा विषय काढला की तू "काकू, बसा, कॉफी टाकतो" म्हणत आत सटकतोस. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते. नाव लिहायचं नाही असं बजावलं आहेस, तेवढं पाळते.

या महिन्यात माझे डबे पुन्हा २२ झाले.

२०२१च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, वास मात्र गेला तो गेलाच. डबे करणाऱ्या बाईचं नाक गेलं म्हणजे काय गेलं, हे घरच्यांनाही नीट उमगलं नाही. फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू यायची, पण हिंग पडलं की नाही ते कळायला मार्गच नव्हता. गोड्या मसाल्याचं खोबरं करपलं, मला पत्ता नाही, आणि तोच मसाला आठ दिवस आमटीत गेला. २२चे ९ डबे राहिले. एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, "जीव वाचला ना? वास काय, येईल आज ना उद्या." त्यानंतर मी कोणाकडे हे बोललेच नाही.

तुझ्या दुकानातल्या दोन मुलांचे डबे माझ्याकडून यायचे. जुलैत एकदा रिकामे डबे न्यायला आले तेव्हा तू विचारलंस, "काकू, आमटी कडवट लागतेय हल्ली. तब्येत बरी आहे ना?" बाकीच्यांनी डबा बंद केला होता, तू तब्येत विचारलीस. मी तिथेच स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या काउंटरवर चार बरण्या होत्या. लवंगा, लिंबाची साल, गुलाबाचं अत्तर लावलेला कापूस, निलगिरीच्या तेलाचा कापूस. जर्मनीत ड्रेसडेनच्या थॉमस हमेल यांनी २००९ साली वास परत आणण्याचा हा सराव अभ्यासून मांडला, हे तू वाचून ठेवलं होतंस. एकेक बरणी २० सेकंद हुंगायची, सकाळ-संध्याकाळ, किमान तीन महिने. सकाळचा सराव घरी, दुसरा तुझ्याकडे, कारण "एकट्यानं कराल तर कंटाळून सोडाल." तेव्हा निर्बंधांमुळे दुकानं चारला बंद व्हायची. तू शटर अर्धं ओढायचास आणि मोबाइलवर सेकंद मोजत समोर उभा राहायचास. नुसतं हुंगायचं नाही, तो वास मनात आठवायचा, असं रोज सांगायचास. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसानं हे सहा आठवडे केलं, एक दिवस न चुकता.

ऑगस्टअखेर वास आला, पण वाकडा. तुझी कॉफी मला जळक्या रबरासारखी यायला लागली. मी दारातूनच मागे फिरले, तर तू मागोमाग बाहेर आलास. भाजलेल्या कॉफीत गंधकाचं एक संयुग असतं, अगदी कणभर असलं तरी नाक ते पकडतं, आणि कोविडनंतर अनेकांना नेमकी कॉफीच अशी घाण येते, म्हणालास. "म्हणजे नाक जागं होतंय, काकू." तेव्हापासून माझी खुर्ची दाराशी मांडलीस आणि माझी दहा मिनिटं होईपर्यंत ग्राइंडर बंद ठेवलास. निर्बंध सैल झाले होते, गिऱ्हाईक उभं असायचं. त्यांना तू शांतपणे थांबायला सांगायचास. हे मी कधीच विसरणार नाही.

आणि तो डिसेंबरातला गुरुवार. मागच्या खोलीत तू चिकमगळूरची सिलेक्शन ७९५ जातीची कॉफी भाजत होतास. दर मिनिटाला यंत्रातून लांब दांड्याचा चमचा बाहेर काढून माझ्या नाकाखाली धरत होतास. हिरव्या बियांचं काही कळलं नाही. बिया पिवळ्या झाल्या, मग बदामी, आणि मला एकदम भाकरी आली. तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकलेली, टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी. मी ओरडलेच. तू चमचा तसाच धरून म्हणालास, "काकू, परत सांगा." मी परत सांगितलं. तेवढ्यात आत बिया लाह्यांसारख्या फुटायला लागल्या, तुला यंत्राकडे धावावं लागलं, आणि तू पाठ करून डोळे पुसलेस ते मी पाहिलं.

त्या संध्याकाळी तू माझ्या आईसारखी कॉफी केलीस. तुझ्या दुकानात १५ ग्रॅम पूड आणि २५० मिली पाणी काट्यावर तोलून घेतात, दूध-साखर मागितली तरच मिळते. तिथे तू दूध आटवलंस, साखर घातलीस आणि समोरच्या वाण्याकडून आणलेलं जायफळ छोट्या किसणीवर किसलंस. वेलची नाही कळली. जायफळ मात्र स्वच्छ आलं.

अजून हिंग अर्धवटच येतं. पण खोबरं किती भाजलं ते आता वासावरून सांगते, आणि हे नाक मला तुझ्यामुळे मिळालं आहे. त्याचे पैसे तू घेतले नाहीस, घेणारही नाहीस, म्हणून नव्या मसाल्याची पहिली बरणी तुझी. नाही म्हणायचं नाही.

गुरुवारी चारला येतेच. बरणीतल्या लवंगांचा जोर गेलाय, ताज्या घेऊन येते.

तुझी,
डबेवाली काकू