सायकल तटाबाहेर, पाय तटाच्या आत : सायकलवाल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

भाड्याची सायकल ताब्यात देताना तुम्ही हाताने लिहिलेला एक पाठपोट कागद देता. त्या कागदाबद्दल आणि त्याआधी सायकल तपासून देण्यात जाणाऱ्या तुमच्या दहा मिनिटांबद्दल हे आभाराचं पत्र. कागदावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलंय : ‘सायकल तटाबाहेर, पाय तटाच्या आत.’ जुनी गावं पायी आणि सायकलवरून पाहणं, इतरांना दाखवणं हेच आमचं काम, आणि तरी हे इतक्या कमी शब्दांत सांगणं आम्हाला जमलेलं नाही. पत्र उघड लिहितोय, कारण तो कागद नुसता वाचून चालत नाही. त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे, आणि ते कळलं की माणूस ती ओळ पाळतो.

पहिली ओळच घ्या. तटबंदीचं छोटं गाव आरपार साधारण ८०० मीटर असेल, तर तटाबाहेरची फेरी अडीच किलोमीटरच्या आसपास भरते. सायकलवर, प्रत्येक दरवाजापाशी थांबत, तासाभरात ती होते. त्या तासात गावाचा आराखडा डोक्यात बसतो : पाण्याची बाजू कुठली, जमीन कुठे चढते, कुठला बुरूज कुठल्या वाटेवर नजर ठेवतो, कुठल्या दरवाजाला मोठा रस्ता येऊन मिळतो आणि कुठल्या दिंडी-दरवाजातून फक्त माणूस वाकून जाईल. हे न पाहता थेट आत शिरलेला माणूस तिसऱ्या वळणावर दिशा हरवतो. आत मात्र सायकल अडचणच. बोळ माणसाच्या आणि ओझ्याच्या जनावराच्या रुंदीचे, मध्येच पायऱ्या, आणि बघण्यासारखं जे असतं ते नेमकं पायापाशी किंवा डोक्यावर. सायकलस्वाराची नजर तर पुढच्या दहा मीटरवरच खिळलेली असते.

वेळेचा हिशोबही तुम्ही खरा मांडलाय. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला ठोकताळा अजून चालतो : सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. पण तो न थांबता चालणाऱ्यासाठी आहे. बघत बघत चालणाऱ्याने जुन्या गावात ताशी २ किलोमीटर धरावेत, त्याहून जास्त धरूच नयेत. तुम्ही आतल्या दीड किलोमीटरच्या वाटेला तीन तास लिहिलेत, ते पाहून नवख्या माणसाला चूक वाटते. चूक नाही ती. एखादा मनोरा चढायचा असेल तर त्यातला पाऊण तास तिथेच जातो.

आता तुमची ती दहा मिनिटं. आधी सीट. टाच पेडलवर ठेवायला लावून, पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ होतो का हे तुम्ही बघता. मग पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. त्यानंतर तुम्ही सीट पुन्हा दोन सेंटिमीटर खाली घेता. लांबच्या सरळ रस्त्यासाठी हे कुणी करणार नाही, पण जिथे दर शंभर मीटरला थांबून पाय टेकायचा आहे तिथे तेच योग्य. आणि सीटच्या दांड्यावरची किमान खोलीची खूण बाहेर दिसत असेल, तर सायकल कितीही आवडली तरी तुम्ही ती देत नाही. ती खूण बाहेर राहिली की दांड्याला चौकटीचा पुरेसा आधार मिळत नाही, आणि दगडी रस्त्याचे दणके दांडा वाकवतात किंवा चौकटीलाच चीर पाडतात.

मग हवा. अंगठ्याने दाबून ‘भरली आहे’ म्हणणं ही सगळ्यात जुनी चूक. ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) आणि ५० पीएसआय, दोन्ही अंगठ्याला सारखेच कडक लागतात. म्हणून तुमच्या पंपावरचा काटा मोलाचा. ४० मिलिमीटर रुंदीचा टायर आणि ७० किलोच्या आसपासचा माणूस असेल, तर डांबरी रस्त्यावर ५० ठीक. दगडी फरसबंदीवर मात्र पुढे ३५ आणि मागे ४०. टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याखाली जायचं नाही, एवढंच पाहायचं. मागे जास्त, कारण निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकावर असतं. हवा फार असली तर चाक दगडावरून उडतं आणि उडालेल्या चाकाला ना पकड असते ना ब्रेक. फार कमी असली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चर काढताना एक पॅच लावून दुसरी चीर तशीच राहते ती इथेच. टायरमध्ये हवाच नव्हती त्या काळात काय होत असेल याची कल्पना करवत नाही. डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं ते १८८८ मध्ये. त्याआधी लोक भरीव रबरावर, आणि त्याहीआधी लोखंडी धावेवर दगडी रस्ते तुडवत होते.

ब्रेकची तपासणी तुम्ही गिऱ्हाइकालाच करायला लावता, हे आम्हाला फार आवडलं. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही ब्रेकची दांडी आणि हँडल यांच्यामध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. रबर रिमवर पूर्ण टेकलं पाहिजे, वर सरकून टायरला घासता कामा नये, नाहीतर टायरची कड कापली जाते. शिवाय उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा की मागच्या, हे प्रत्येकाने चाक उचलून बघावं. देशोदेशी ही जोडणी उलटसुलट असते, आणि उतारावर ते कळणं फार उशिराचं ठरतं.

फरसबंदीवर चालवण्याच्या तुमच्या सूचना तीनच आहेत, पण अचूक : एक गिअर जड ठेवा, हात सैल सोडा, सीटवर हलके बसा. जड गिअरमध्ये पाय सावकाश आणि सलग फिरतात, म्हणून सायकल हिसके खात नाही. घट्ट धरलेलं हँडल प्रत्येक दगडावर वळतं, सैल धरलेलं आपोआप सरळ राहतं. यात एक भर आमची. झिजून गुळगुळीत झालेला दगड ओला झाला, किंवा उन्हाचं तोंड न पाहणाऱ्या भिंतीलगत शेवाळ धरलं, की पुढचा ब्रेक जोरात दाबायचाच नाही. वेग आधीच, सायकल सरळ असताना कमी करायचा आणि वळणावर ब्रेक सोडून द्यायचा. गटाराच्या जाळीच्या फटी आपल्या दिशेला समांतर असतील तर त्या आडव्या ओलांडायच्या. रिमला पाणी लागलं असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक जवळजवळ लागतच नाही, म्हणून उतार सुरू होण्याआधी एकदोनदा हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी.

पंक्चरच्या पिशवीबद्दल वेगळे आभार. पॅच, सोल्यूशन, घासपेपर, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि कापडाचा तुकडा. हा कापडाचा तुकडा इतर कुणी देत नाही. टायर आतून चाचपायचा तो कापड फिरवूनच. काटा किंवा काच असेल तिथे कापड अडकतं आणि बोट वाचतं. काटा आत राहिला तर नवा पॅचही पाच मिनिटांत जातो. सोल्यूशन लावल्यावर त्याची चमक जाईपर्यंत थांबायचं, साधारण पाच मिनिटं. ओल्या सोल्यूशनवर चिकटवलेला पॅच सुटतो, हे कागदावर तुम्ही अधोरेखित केलंय ते योग्यच. टायर परत चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून मग ओढावा, म्हणजे ट्यूब टायरच्या कडेखाली अडकत नाही.

सगळ्यात जास्त ऋण मात्र कागदाच्या मागच्या बाजूचं. दरवाजापाशी सायकल लावून आत गेल्यावर काय बघायचं, याची ती यादी. इमारतींची नावं आणि राजांच्या सनावळ्या कुठेही मिळतात. तुम्ही लिहिलंत ते असं : ‘दरवाजाच्या दोन्ही कोपऱ्यांत जमिनीलगत गोलसर दगड आहेत ते बघा.’ ते दगड गाडीच्या चाकाचा तुंबा (मधला बाहेर आलेला भाग) भिंतीला घासू नये म्हणून असतात, आणि त्यांच्यावरची झीज किती उंचीवर आहे त्यावरून गाडीचा कणा, म्हणजे चाकांचा आस, किती उंच होता हे कळतं. ‘भिंतीत ओळीने चौकोनी भोकं दिसतील.’ ती बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडं खोवायची. दोन ओळींमधलं अंतर म्हणजे गवंड्याचा हात एका परांचीवरून पोचेल एवढी उंची. ‘आतल्या बाजूला अडसराची खोबण शोधा.’ दाराच्या एका अंगाला भिंतीत खोल बोगदा असतो, अडसर एरवी त्यातच सरकवून ठेवत. ‘विहिरीच्या काठावर बोट फिरवा.’ दोरांनी पाडलेल्या चरांची खोली बोटालाच समजते. ‘कुठल्या घरात दोन पायऱ्या उतरून जावं लागतं ते मोजा.’ घर खचलेलं नसतं. रस्त्यावर थरावर थर पडत रस्ताच वर आलेला असतो. ही यादी हातात असली की माहितीफलक नसलेला बोळही वाचता येतो, आणि खरं तर असेच बोळ गावात जास्त असतात.

उजेडाची सूचना तर आम्ही आता सगळ्यांना सांगतो. पूर्वेकडचा दरवाजा सकाळी, पश्चिमेकडचा दुपार कलल्यावर, आणि उथळ कोरीवकाम ऊन तिरपं असतानाच बघायचं. भर दुपारी सावली पडत नाही, त्यामुळे नक्षी सपाट दिसते. झिजलेला शिलालेख वाचायचा तर विजेरी समोरून न धरता अगदी कडेने, दगडाला जवळजवळ समांतर धरायची. अक्षरं सावलीने उठतात. खडू, पीठ, पाणी यातलं काहीही दगडाला लावायचं नाही. पाण्याबरोबर क्षार दगडात शिरतात, वाळताना पृष्ठभागाशी त्यांचे स्फटिक बनतात आणि पापुद्रे सुटतात. दगड जितका भुसभुशीत तितकं हे लवकर होतं.

सायकल भिंतीला टेकवू नका, ही तुमची ओळ काहींना जाचक वाटत असेल. पण चुन्याचा गिलावा मऊ असतो, हँडलच्या एका घसटीने निघतो. आणि तिथे घाईने सिमेंट थापलं तर ओल आत कोंडून शेजारचा दगडही खराब होऊ लागतो. जुन्या लोखंडी कठड्याला साखळी लावणंही तितकंच वाईट. सायकलच्या हिसक्यांनी दगडात बसवलेला गज सैल होतो, फटीतून पाणी जातं, लोखंड गंजून फुगतं आणि दगड चिरतो. म्हणून स्टँड, आणि कुलूप चौकट व मागचं चाक दोन्हींतून.

वाट चुकण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की मोबाइलपेक्षा उतारावर विश्वास ठेवा. अरुंद बोळात दोन्ही भिंतींवरून उपग्रहाचे संकेत परावर्तित होतात, आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या बोळात जाऊन बसतो. पावसाचं पाणी ज्या बाजूला वाहून जातं ती बाजू मात्र बदलत नाही. सकाळच्या फेरीत ती पाहिलेली असते, तेव्हा परत सायकलपाशी येणं अवघड जात नाही.

कागदाची नवी प्रत काढाल तेव्हा दोन गोष्टी जोडता आल्या तर बघा. चढावर सायकल हाताने ढकलताना आपण तिच्या डाव्या बाजूला असावं. चेन उजवीकडे असते, त्यामुळे कपडे आणि पोटरी काळी होत नाही. दुसरी मनोऱ्याच्या गोल जिन्याची. उतरताना बाहेरच्या भिंतीच्या बाजूने उतरावं. तिथे पायरी सगळ्यात रुंद असते आणि पूर्ण पाऊल बसतं. आतल्या खांबाजवळ जेमतेम टाच मावते.

आणि हिरव्या सायकलचं मागचं चाक हाताने आडवं हलवलं तर किंचित खेळतं. आसावरचा ‘कोन’ (बेअरिंग धरून ठेवणारा शंकूसारखा नट) थोडा घट्ट करावा लागेल असं वाटतं. चाक सहज फिरेल आणि खेळणार नाही, एवढाच.

आपले कृतज्ञ,
तुमच्या कागदावर गाव फिरलेले आम्ही सगळे