जनुकांचा अहवाल आणि छातीतली कळ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रक्त गोठवणारे घटक आणि जनुके पाहून हृदयविकाराचे भाकीत करता येते, असा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. माझी सारी नोकरी रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन या रक्त गोठण्याच्या चाचण्या करण्यात गेली. म्हणून राहवत नाही.

लेखात सगळा भर ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’वर आहे. १९९४ साली नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सापडलेला हा जनुकीय दोष. तो असला की फॅक्टर फाइव्ह या रक्त गोठवणाऱ्या घटकाला आवर घालणाऱ्या प्रोटीन सीचा त्याच्यावर नीट ताबा चालत नाही आणि रक्त गोठण्याकडे कल वाढतो. पण हे मुख्यतः पायाच्या शिरांत. हृदयाच्या धमनीत आधी चरबीचा थर फुटतो, त्यावर प्लेटलेट्स या रक्तकणिका चिकटतात आणि मग फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे बसते. त्या गुठळीशी लायडनचा संबंध फार दुबळा. शिवाय हा दोष प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांत, आपल्यात विरळाच. तरी आमच्याकडच्या एका शिबिरात तो हृदयाच्या पॅकेजमध्ये घालून विकला गेला आणि अहवालावर हिरव्या अक्षरांत ‘धोका कमी’ असे छापून आले.

माझ्या धाकट्या दिराकडे तोच अहवाल होता. पहाटे छाती भरून आली, घाम फुटला, डावा हात जड झाला. जाऊबाई १०८ला फोन लावत होती, तर हा म्हणाला, “रिपोर्ट चांगला आहे ना माझा? ॲसिडिटी असेल.” थंड दूध प्यायला, ओवा चघळला आणि उजाडेपर्यंत बसून राहिला. इस्पितळात धमनी उघडली, पण तोवर हृदयाचा बराच स्नायू गेला होता. वाचला; मात्र आता मांडवीपर्यंत चालतानाही वाटेत टेकावे लागते. त्या हिरव्या अक्षरांचा मला अजून संताप येतो.

झटका आलेला रोगी तरेल का, याचा अंदाज डॉक्टर ‘ग्रेस’ गुणांकावरून बांधतात. त्यात वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे), ईसीजीतले बदल, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे), फुफ्फुसांत पाणी साचले आहे का, हृदय थांबले होते का, हे पाहतात. जनुक एकही नाही. आणि धमनी किती लवकर उघडली, यावर पुढचे फार काही ठरते.

जनुके निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. क्लोपिडोग्रेल ही प्लेटलेट्स चिकटू न देणारी गोळी यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइमशिवाय नीट कामाला लागत नाही. जनुकांमुळे हे एन्झाइम ज्यांच्यात मंद असते, असे लोक आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० साली या गोळीवर तसा ठळक इशारा छापायला लावला. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्यांनी याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. गोळी मात्र मनाने बंद करू नये. लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा कण; त्याचे प्रमाणही बहुतांशी आईबापांकडून येते आणि साध्या रक्तचाचणीत, आयुष्यात एकदा पाहिले तरी पुरते. ज्यांच्या घरात कमी वयात झटके आले आहेत, त्यांनी ती करावी. लेखात या दोन्हींचा उल्लेखही नव्हता.

माझी विनंती एवढीच: बडोद्यात रात्री-अपरात्रीही अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली धमनी उघडणे, होते अशा इस्पितळांची यादी फोन क्रमांकांसह आरोग्य पुरवणीत दर महिन्याला चौकटीत छापा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
दांडिया बाजार, बडोदे