ताई, त्या ३१व्या नंबराबद्दल आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे फिजिओथेरपीला येणारे बाकीचे पेशंट तुम्हाला मॅडम म्हणायचे, मी पहिल्या दिवसापासून ताईच म्हणत आलो. समोर आभार मानायला गेलो की घसा दाटून येतो आणि राहून जातं, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या टेबलावर आज आणखी कुणीतरी दात-ओठ खात गुडघा वाकवत असेल.

बाईकच्या अपघातानंतर पायात रॉड घेऊन तुमच्याकडे आलो, तेव्हा गुडघा ४० अंशांपुढे सरकत नव्हता. "मी परत चालेन कधी?" असं मी विचारलं. तुम्ही गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवलीत आणि म्हणालात, "हर्मान मायर माहीत आहे?" तो स्कीपटू, आणि मला स्कीइंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग रोज थोडं थोडं. ऑस्ट्रियातल्या फ्लाखाऊचा हा पोरगा. १५व्या वर्षी गुडघ्यांच्या दुखण्यापायी स्की अकादमीतून घरी परतला. उन्हाळ्यात गवंडीकाम, हिवाळ्यात लोकांना स्की शिकवणं. १९९६च्या जानेवारीत वर्ल्ड कपची शर्यत त्याच्याच गावात आली, तेव्हा स्पर्धकांच्या आधी उतरून ट्रॅक तपासणाऱ्यांमध्ये त्याला घेतलं. त्याची वेळ बघून सगळे चकित झाले. जपानमधल्या नागानोची डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली उतरण्याची शर्यत, तुम्ही मला मोबाईलवर दाखवलीत. १९९८चं ऑलिंपिक. वळणावर तो हवेत फेकला गेला, आपटला, जाळ्या तोडून पलीकडे गेला. तीन दिवसांनी सुपर-जीचं सुवर्ण आणि आणखी तीन दिवसांनी जायंट स्लॅलमचं! (या दोन्ही स्कीइंगच्याच शर्यती.)

"हा माणूसच वेगळा आहे, माझं काय!" मी म्हणालो.

"थांबा. तुमच्या कामाचा भाग अजून यायचाय."

तो आला २००१च्या ऑगस्टमध्ये. तोवर वर्ल्ड कपची, म्हणजे हंगामभरातल्या शर्यतींचे गुण धरून ठरणारी, तीन एकूण विजेतेपदं त्याच्या नावावर होती. मोटारसायकलवरून जाताना गाडीची धडक बसली आणि उजव्या पायाचा गुडघ्याखाली चुराडा झाला. पाय कापावा लागेल, इथपर्यंत डॉक्टर आले होते. शेवटी आत रॉड घातला. हा शब्द ऐकला आणि मी व्यायाम करायचाच थांबलो. फेब्रुवारी २००२चं सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक त्याच्याविना झालं.

आणि इथे तुम्ही गोष्ट तोडलीत! "पुढे?" म्हटलं की उत्तर एकच, "९० होऊ देत." एकदा वेदनेच्या भरात मी तुमच्यावर ओरडलो. तुम्ही काही बोलला नाहीत. प्लास्टिकचा तो कोनमापक पुसलात, पुन्हा गुडघ्याला लावलात आणि वहीत ८७ लिहिलंत. त्या ओरडण्याची आजही लाज वाटते, ताई. माफी तेव्हा मागायला हवी होती.

९० झाले त्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या आडेलबोडेनची शर्यत सांगितलीत. जानेवारी २००३, जायंट स्लॅलम. दुसऱ्या फेरीत पहिले ३० जातात आणि मायर आला ३१वा. मी अक्षरशः हिरमुसलो. एवढं सोसून एका नंबराने बाहेर? तुम्ही शांतपणे म्हणालात, "दीड वर्ष होत आलं होतं, आणि तो उतरला. उद्या एकच कुबडी घेऊन या."

ऑस्ट्रियातलं किट्झब्यूल मात्र दारापासून टेबलापर्यंत मी कुबडीशिवाय आलो तेव्हाच मिळालं. आडेलबोडेननंतर दोन आठवड्यांच्या आतच तिथली सुपर-जी त्याने जिंकली होती. २००४चं चौथं एकूण विजेतेपद, कारकिर्दीतले ५४ विजय, हे सगळं तुम्ही भराभर सांगून टाकलंत. माझं मन त्या ३१व्या नंबरावरच अडकलं होतं. रात्री पाय ठणकला की तोच आठवायचा, अजूनही आठवतो.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, असं तुम्ही म्हणायचात. परवा जिन्याच्या सगळ्या पायऱ्या कठडा न धरता उतरलो. खाली पोहोचल्यावर सगळ्यात आधी तुम्हालाच फोन लावला होता, पण बोलवेना, म्हणून ठेवून दिला. तो कॉल माझाच होता.

आपला ऋणी,
तुमचा एक पेशंट