पहिल्या दहा सर्व्हिसची वही

बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुमच्याबद्दलची तक्रार मी चारचौघांत केली होती. बॅडमिंटन कोर्टाच्या कडेच्या बाकावर बसून, बुटांच्या नाड्या सोडता सोडता, जो ऐकेल त्याला सांगत होते की या बाई शिकवत काहीच नाहीत, नुसत्या वही घेऊन उभ्या असतात. तक्रार चव्हाट्यावर आणि आभार मात्र कोपऱ्यात, हे काही बरं नव्हे. म्हणून हे उघडं पत्र.

तुमच्याकडे आले तेव्हा मी ४२ वर्षांची होते आणि माझी बॅकहँड शॉर्ट सर्व्हिस (नेट जेमतेम ओलांडून लगेच पलीकडे पडणारी) हा हॉलमधला विनोदाचा विषय होता. त्याआधी दीड वर्ष दुसऱ्या एका कोचकडे शिकत होते. माणूस मनापासून शिकवणारा होता, त्याबद्दल वाद नाही. प्रत्येक शटलनंतर काहीतरी सांगायचे. मनगट सैल सोडा. कोपर वर. ग्रिप फार आवळलीत. हां, आता बरं. पुन्हा मनगट! अशा पन्नास सर्व्हिस ओळीने, एकाच जागेवरून. तिसाव्या-पस्तिसाव्या सर्व्हिसपासून शटल नेटच्या पट्टीला चाटून जायला लागायचं आणि घरी जाताना वाटायचं, चला, बसला हात. दोन दिवसांनी मॅच. पहिलीच सर्व्हिस नेटमध्ये. पुढची मिळाली तेव्हा इतकी उंच गेली की समोरचीने ती सरळ माझ्या पायाशी आपटली. ये रे माझ्या मागल्या.

तुमच्याकडे पहिल्या दिवशी काय झालं, आठवतंय? अंग मोकळं व्हायच्या आधीच तुम्ही म्हणालात, दहा शॉर्ट सर्व्हिस मारा. मारल्या. तुम्ही वहीत तारीख घातलीत, पुढे ३ लिहिलंत आणि वही मिटलीत. मी विचारलं, काय चुकतंय? तर उलट मलाच विचारलंत, तुम्हाला काय वाटतं? फी भरणारी मी आणि उत्तरंही मीच द्यायची! त्या दिवशी घरी गेल्यावर या एका वाक्यावर मी अर्धा तास बोलले असेन.

पुढच्या आठवड्यात त्याहून मोठी चीड आली. एक शॉर्ट सर्व्हिस, मग लाँग (उंच, पार मागे जाणारी), मग ड्राइव्ह (सपाट, वेगवान), पुन्हा शॉर्ट, आता डाव्या कोर्टातून, आता उजव्या. एकच सर्व्हिस लागोपाठ दोनदा मारू द्यायची नाही, हा तुमचा हट्ट. हात जरा जमतोय असं वाटलं की तुम्ही फटका बदलायचात. सगळंच विस्कटायचं. तासाच्या शेवटी मी सुरुवातीपेक्षा वाईट खेळत असायचे आणि तुमच्या चेहऱ्यावर मात्र काळजीचा लवलेश नसायचा.

आणि वहीत नोंद व्हायची ती फक्त दिवसाच्या पहिल्या दहा सर्व्हिसची. मी एकदा भांडलेच. म्हटलं, शेवटच्या दहापैकी आठ बरोबर पडल्या, त्या का नाही लिहीत? तुम्ही म्हणालात, "तेव्हा हात गरम झालेला असतो. त्याचं श्रेय मला नको आणि तुम्हीही घेऊ नका. परवा सकाळी आल्या आल्या जे जमेल, तेवढंच तुमचं."

हे वाक्य डोक्यात शिरायला मला सहा महिने लागले. सरावाच्या वेळी जे दिसतं ते त्या वेळचं खेळणं. शिकणं झालं की नाही हे मध्ये झोप, काम, दोन-तीन दिवस गेल्यावरच कळतं. या दोन गोष्टींची मी दीड वर्ष गल्लत करत होते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक शिकणारे आणि बरेच शिकवणारेही तीच करत असतात.

तुम्ही स्पर्धेच्या निमित्ताने दोन महिने बाहेर होता, तेव्हा मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले. (तुम्ही कुठे चुकताय ते शोधावं, हा मूळ हेतू. कबूल करते.) आणि समोर काय यावं, तर बॅडमिंटनच्या सर्व्हिसचाच प्रयोग! १९८६ साली गुड आणि मॅगिल या संशोधकांनी नवशिक्या मुलींना नेमक्या याच तीन सर्व्हिस शिकवल्या: शॉर्ट, लाँग आणि ड्राइव्ह. काहींना एका वेळी एकच प्रकार घोटायला लावला, काहींना तिन्ही सरमिसळ. सराव थांबल्यानंतर चाचणी घेतली तेव्हा सरमिसळ करणाऱ्या पुढे होत्या, आणि सराव केला त्याच्या दुसऱ्या बाजूच्या कोर्टातून सर्व्हिस करायला लावल्यावरही पुढेच. कारण पटण्यासारखं आहे. तीच सर्व्हिस पुन्हा मारताना मागच्या खेपेची जुळवाजुळव तशीच वापरता येते, डोक्याला काम उरत नाही. मध्ये दुसरी सर्व्हिस आली की ती जुळवाजुळव पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागते. मॅचमध्ये दर वेळी ती पहिल्यापासूनच मांडायची असते. म्हणजे मला जो गोंधळ वाटत होता, तोच सराव होता. अगदी नवख्या मुलांना मात्र तुम्ही पहिले काही दिवस एकच फटका मारू द्यायचात, हेही मी बघून ठेवलंय. रॅकेट कशी धरायची हेच कळत नसताना सरमिसळ करून काय साधणार?

तुमच्या गप्प बसण्याचंही तेच. प्रत्येक फटक्यानंतर कोणी चूक सांगितली की त्या क्षणी खेळ सुधारतो, पण सांगणारा नसला की उरतं थोडं. मधून मधून सांगितलं, आणि हळूहळू सांगणं कमी केलं, तर शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताकडून येणारी खबर ऐकायची सवय लागते. शटल रॅकेटच्या तारांवर कुठे लागलं हे मला आता आवाजावरून कळतं. आधीच्या कोचच्या बोलण्यात तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

आता दोरीबद्दल. ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मी मनगट, मनगट असं मनात घोकत होते आणि शटल कधी नेटमध्ये, कधी छताच्या दिशेने. तुम्ही कुठूनशी एक सुताची दोरी आणलीत आणि नेटच्या दोन्ही खांबांना काठ्या बांधून पट्टीच्या वर वीतभर अंतरावर ताणून बांधलीत. नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच. त्यावर ही वीतभर फट. म्हणालात, "मनगट माझ्याकडे ठेवून जा. फक्त या फटीतून शटल पलीकडे जाऊ दे, रेघेच्या थोडं पुढे." ती रेघ म्हणजे नेटपासून १.९८ मीटरवरची शॉर्ट सर्व्हिसची रेघ. पहिल्या चार दोरीवरून गेल्या. पाचवी फटीतून गेली, सहावीही. सातव्या वेळी शटल दोरीला लागलं, दोरी थरथरली आणि शटल अलगद रेघेवर पडलं. मनगटाने काय केलं ते मला सांगता येणार नाही. मी बघतच नव्हते त्याच्याकडे.

१९९८ साली गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कीइंगच्या सरावयंत्रावर हेच पाहिलं होतं. काहींना सांगितलं पायाने दाब देण्यावर लक्ष ठेवा, काहींना सांगितलं पायाखालच्या चाकांवर. चाकं अगदी पायाखालीच, अंतर ते किती! तरी चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. लक्ष स्वतःच्या अवयवावरून काढून परिणामावर ठेवलं की शरीर आपली वाट आपण शोधतं, आणि आपण मध्ये लुडबुड केली की अडखळतं. १९-१९ ला सर्व्हिस करताना मी जेव्हा जेव्हा कोपराचा विचार केलाय, तेव्हा काय झालंय हे तुम्ही बाकावरून पाहिलेलं आहेच.

त्यानंतर मी मोबाईलवर स्वतःच्या सर्व्हिसचे व्हिडिओ काढून तुमच्याकडे रडत आले होते, की पाच चांगल्या सर्व्हिसमध्ये कोपर पाच ठिकाणी आहे, म्हणजे माझी पद्धतच बसलेली नाही. तुम्ही नुसत्या हसलात. त्या हसण्याचा अर्थ मला बर्नस्टाइनकडे सापडला. या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. घाव नेमका बसत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर खेपेला थोडं वेगळं वागत होतं. एका सांध्याची कसर दुसरा भरून काढत होता. कसब म्हणजे एकच हालचाल छापून काढणं नव्हे, तर तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणं, असं त्याचं म्हणणं. माझं कोपर त्या अर्थाने वाया गेलेलं नव्हतं.

तास पन्नास मिनिटांत आटोपण्यावरही मी कुरकुरले होते. बाकीचे दोन-दोन तास घाम गाळतात आणि आम्हाला खेळात रंग भरताच घरी पाठवतात! १९७८ मध्ये बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनमधल्या पोस्टमनना कीबोर्ड शिकवताना वेळेची वेगवेगळी वाटणी करून पाहिली. रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण कमी तासांत कीबोर्ड आला. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना तेवढंच यायला बरेच जास्त तास लागले. गंमत म्हणजे रोज एक तासवालेच सगळ्यांत नाराज होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. त्या पोस्टमनांशी माझं चांगलं जमलं असतं.

तुमचा डोळे मिटण्याचा खेळ मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडला. समोरची मुलगी ओव्हरहेड फटका मारायला हात उचलते, आणि शटलला रॅकेट लागायच्या आत मी डोळे मिटून ओरडायचं: ड्रॉप (नेटजवळ पडणारं)! क्लिअर (मागे उंच जाणारं)! पहिल्या आठवड्यात नाणं उडवल्यासारखी उत्तरं. तुम्ही एकदाच म्हणालात की रॅकेटकडे बघू नका, तिच्या हाताकडे बघा. १९८७ साली अ‍ॅबरनेथी आणि रसेल यांनी बॅडमिंटनच्या फिल्म मध्येच तोडून, काही भाग झाकून खेळाडूंना दाखवल्या होत्या. नवशिक्यांना जी काही खबर मिळत होती ती रॅकेटमधून. मुरलेल्यांना रॅकेटबरोबर हाताच्या हालचालीतूनही मिळत होती, म्हणजे जरा आधीच. मी इतकी वर्षं माझे पाय मंद आहेत असं समजत होते. पाय ठीक होते, त्यांना निरोप उशिरा पोचत होता.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी अजून भांडणार आहे. पालकांना तुम्ही सांगता की तास घाला, कोणीही चॅम्पियन होतं. नाही हो बाई. ते दहा हजार तासांचं प्रकरण एरिक्सन यांच्या १९९३ च्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून आलं, आणि तिथे तो आकडा सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होता, पार करायची रेघ नव्हती. २०१६ मध्ये खेळांवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा खेळाडूखेळाडूंमधल्या फरकापैकी साधारण १८ टक्केच फरक हेतुपुरस्सर सरावाने उलगडला, आणि अव्वल खेळाडूंपुरतं पाहिलं तर १ टक्का. बाकीचं सगळं उपजतच असतं असंही नाही. शरीराची ठेवण, वाढीचा वेग, दुखापती, झोप, कोण शिकवतं, कोणाबरोबर खेळायला मिळतं, सगळंच त्यात आलं. तुमच्याकडे त्या दोन बहिणी यायच्या. एकाच वेळी आल्या, तेवढेच तास खेळल्या. धाकटी कुठे पोचली आणि थोरली कुठे, हे तुम्हीच पाहिलंत. थोरलीला अजून वाटतं की आपण कमी पडलो. तिला हा १८ चा आकडा कोणीतरी सांगायला हवा होता.

वही तुम्ही जाताना मला देऊन गेलात. परवा उघडली. ३, २, ४, ३, ५ अशी सुरुवात, मग तीन महिने ५, ५, ४, ५, ५. ते तीन महिने मी खेळ सोडायच्या बेतात होते आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, फक्त आकडा लिहीत राहिलात. सुरुवातीची झेप मोठी, पुढे पावलं लहान होत जातात, हे सगळ्याच हस्तकौशल्यांत दिसतं. १९५९ मध्ये क्रॉसमन यांनी यंत्रावर सिगार बनवणाऱ्या कामगारांचा वेग तपासला तर लाखो सिगार बनवून झाल्यावरही तो इंचाइंचाने वाढतच होता. मग माझा आकडा कुठे पुढे सरकला, तोच घोटा मुरगळून सात आठवडे कोर्ट बंद. परत आल्या दिवशी ५. मी रडकुंडीला आले, तुम्ही म्हणालात बरं आहे, बरंच शिल्लक आहे. पुढच्याच आठवड्यात ७.

मी अजून वही लिहिते, तुमच्यासारखीच, फक्त पहिल्या दहा. गेल्या मंगळवारी ८ होत्या. त्यातली एक शंकास्पद होती, पण तुम्ही नव्हता म्हणून मोजली.

आणि ती दोरीही माझ्याकडेच राहिली आहे. परत हवी असेल तर कळवा. दोन ठिकाणी तुटली होती, गाठी मारल्यात.

तुमची,
वहीतली तिसऱ्या पानावरची